सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील पहिले वर्ष

सूक्ष्मजीवशास्त्राच्या संशोधन प्रयोगशाळेत आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या आठवड्यात मायक्रोस्कोप पडेलच असे नाही. काचसामान मात्र नक्की पडते. परीक्षानळ्या आणि फ्लास्क घासायचे, डिस्टिल्ड वॉटरने विसळायचे, वाळवायचे, कापसाची बुचे करायची, पिपेट कागदात गुंडाळायचे. हे घरी कळले की पालकांचा चेहरा उतरतो. एवढी फी भरून पोट्टी बाटल्या धुते, हा त्यांचा प्रश्न रास्तच असतो. पण साबणाचा अंश राहिलेल्या नळीत जीवाणू वाढत नाहीत आणि निर्जंतुक न झालेल्या नळीत नको ते वाढतात. दोन्हीकडून पुढचे आकडे खोटे पडतात, म्हणून हे काम नव्या विद्यार्थ्याला आधी शिकवले जाते.

त्यानंतर मीडिया, म्हणजे जीवाणूंचे खाद्य, तयार करणे येते. लिटरभर पाण्यात 28 ग्रॅम न्यूट्रिएंट अगार घालून उकळायचा, ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअस तापमान आणि 15 पौंड दाबावर 15 ते 20 मिनिटे ठेवायचा, फ्लास्क हाताला सोसवेल इतका निवला की पेट्री प्लेटमध्ये ओतायचा. घाईने गरम ओतला तर झाकणावर वाफेचे थेंब साचतात. उशीर केला तर फ्लास्कमध्येच गोळा होतो. अगारआधी मीडिया घट्ट करायला जिलेटिन वापरत, पण ते उन्हाळ्यात वितळे. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला फॅनी हेसे यांनी स्वयंपाकातला अगार सुचवला आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेची अडचण सुटली. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात जिलेटिनचे काय झाले असते, ते सांगायला नको.

हात बसायला सर्वाधिक वेळ लागतो तो स्ट्रीकिंगला, म्हणजे प्लेटवर रेघा ओढून जीवाणू सुटे करायला. लूपची तार बर्नरच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, अगारच्या कडेला टेकवून निववायची, कल्चरला जेमतेम स्पर्श करायचा आणि प्लेटच्या एका कोपऱ्यात रेघा ओढायच्या. पुन्हा तार तापवायची आणि आधीच्या रेघांच्या टोकातून पुढच्या कोपऱ्यात रेघा न्यायच्या. चौथ्या कोपऱ्यापर्यंत जीवाणू इतके विरळ व्हायला हवेत की दुसऱ्या दिवशी सुट्या कॉलनी दिसाव्यात. सुरुवातीला लूप दाबला जाऊन अगार फाटतो, किंवा सगळीकडे एकसंध साय धरते. नाव आणि तारीख झाकणावर लिहिली असेल तर झाकणांची अदलाबदल झाल्यावर सगळेच मुसळ केरात. म्हणून ती प्लेटच्या बुडावर लिहायची आणि प्लेट उलटी ठेवायची.

ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे रंगवून जीवाणूंचे दोन गट ओळखणे, हेही पुस्तकात सोपे वाटते. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रॅनिन हा क्रम कोणीही पाठ करू शकतो. खरी परीक्षा अल्कोहोलच्या काही सेकंदांची. ते जास्त वेळ राहिले, किंवा कल्चर शिळे असले, तर जांभळे दिसायला हवे ते गुलाबी दिसते. म्हणूनच दर वेळी ओळखीचा एक ग्रॅम पॉझिटिव्ह (जांभळा) आणि एक ग्रॅम निगेटिव्ह (गुलाबी) जीवाणू सोबत रंगवून पाहतात. ही सवय ज्याला लागली, त्याचा संशोधनातला पाया बरा म्हणायचा.

अकोला-अमरावतीत आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती पुस्तकात ठळकपणे सांगितलेली नसते. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या आसपास असताना बिनवातानुकूलित खोलीत 37 अंशांवर लावलेला इनक्युबेटर 40 दाखवू लागतो. बुरशीला 25 ते 28 अंश लागतात. तिच्यासाठी थंडही करणारा बीओडी इनक्युबेटर हवा. त्यात वीज गेली तर किती तास गेली, हे वहीत लिहावे लागते. वहीचा नियमच असा, की फसलेला प्रयोगही तारखेसह शाईनेच उतरवायचा आणि पान फाडायचे नाही.

इतके जमले की छोटा प्रकल्प मिळतो. वऱ्हाडात विषय शोधायला लांब जावे लागत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर किंवा अकोटकडच्या शेतातली माती आणून तिच्यातले खार सोसणारे जीवाणू वेगळे करणे हे पदवीच्या विद्यार्थ्याला पेलणारे काम आहे. एक ग्रॅम माती 9 मिलिलिटर निर्जंतुक सलाईनमध्ये, त्यातले एक मिलिलिटर पुढच्या 9 मध्ये, असे दहा-दहा पटींनी विरळ करत जायचे. ज्या प्लेटवर 30 ते 300 कॉलनी येतात तीच मोजायची. या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाऊन पिकाला मिळत नाही. ते विरघळवणारे जीवाणू शोधायला पिकोव्स्काया माध्यम वापरतात. त्याची प्लेट दुधट असते. चार-पाच दिवसांनी एखाद्या कॉलनीभोवती पारदर्शक वलय उमटते. विद्यार्थ्याला पहिल्यांदा काहीतरी आपले सापडल्यासारखे वाटते ते इथे. मात्र तोच जीवाणू काही वेळा प्लेट बदलल्यावर वलय देईनासा होतो, आणि प्लेटवर चालणारा शेतात चालेलच असे नाही. कल्चर ग्लिसरॉलमध्ये गोठवून जपणे, जीवाणूची ओळख पटवायला 16 एस जनुकाचा क्रम बाहेरच्या प्रयोगशाळेतून काढून घेणे, मग कुंडीतली चाचणी, असे काम लांबत जाते.

लोणार सरोवराचे आकर्षण विद्यार्थ्यांना असतेच. सुमारे 10 सामू असलेल्या त्या पाण्यातले जीवाणू अल्कधर्मी विकरांसाठी अभ्यासले जातात. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव निघाले. परिसर अभयारण्याचा आहे; वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथला नमुना उचलता येत नाही.

“जंतूंत काम करते, तिले काही होईन त नाही?” ही पालकांची धास्ती सगळीकडे सारखीच. पदवीच्या पातळीवर बहुधा बॅसिलस सबटिलिस, यीस्ट, ई. कोलायचे निरुपद्रवी प्रकार असेच जीव दिले जातात. तोंडाने पिपेट ओढायचा नाही, प्रयोगशाळेत खायचे नाही, वापरलेली प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकायची नाही, अ‍ॅप्रन घालून घरी यायचे नाही. हे नियम कागदावर नव्हे तर वर्गात पाळले जातात का, ते प्रवेशाआधी पाहून घ्यावे. रुग्णांचे नमुने हाताळणारी प्रयोगशाळा वेगळ्या दर्जाची असते आणि तिथे स्वतंत्र प्रशिक्षण लागते. 2020 मध्ये अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावती विद्यापीठात कोरोना चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा अशा प्रशिक्षित हातांची किंमत या भागाने पाहिली.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ 1983 पासूनचे, तर 1923 मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेली अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था त्याहून कितीतरी जुनी. अकोल्यात 1969 मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथली वाट कृषी पदवीतून जाते. कॉलेज निवडताना नावापेक्षा एक प्रश्न उपयोगी पडतो: एका बॅचमध्ये किती मुले, आणि प्रत्येकाला स्वतःची प्लेट मिळते का? चौघांत एक प्लेट असेल तर तिघे फक्त बघतात. आणखी एक घोटाळा आधीच मिटवावा. बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र आणि डीएमएलटी हे वेगळे अभ्यासक्रम आहेत. दवाखान्याच्या पॅथॉलॉजीत रक्त-लघवी तपासण्याचे काम करायचे असेल तर डीएमएलटी हा सरळ रस्ता आहे.

पहिल्या वर्षानंतर सगळ्यांनाच संशोधन मानवते असे नाही आणि त्यात कमीपणा नाही. औषध, दूध, खाद्यपदार्थ आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांना याच हातांची गरज असते; फक्त त्यासाठी बहुधा जिल्ह्याबाहेर जावे लागते. ज्याला संशोधन मानवले त्याने देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपसाठी हिवाळ्यातच अर्ज करावा. दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काढले की पुढचा निर्णय ऐकीव माहितीवर घ्यावा लागत नाही. एम.एस्सी.साठी बाहेर जायचे असल्यास जॅम आणि गॅट-बी या परीक्षा आहेत. त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली, तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिन्याला 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. पीएच.डी.ला सहसा पाच वर्षे लागतात, हा हिशेब घरात आधीच बोलून घ्यावा.