खाल्लेलं अंगी लागतं का?

"काय रे, मेसमध्ये नीट जेवतोस ना?" सुट्टीत घरी गेलो की आईचा पहिला प्रश्न हाच.
"जेवतो गं, चार-चार पोळ्या खातो."
"मग अंगी का लागत नाही?"

मी हसून विषय बदलायचो. पण मागच्या सेमिस्टरला डॉक्टरांनी जवळजवळ हाच प्रश्न विचारला, तेव्हा हसू आलं नाही.

झालं असं. सबमिशनचे दिवस होते. रात्री शीट पूर्ण करायला बसलो की तळपायांना मुंग्या यायच्या. वाटलं, मांडी घालून बसल्यामुळे असेल. मग वर्कशॉपमध्ये उभा असतानाही यायला लागल्या. तिसरा मजला चढताना धाप लागायची, जीभ लाल होऊन झोंबायची, वाचलेलं डोक्यात राहायचं नाही. रूम पार्टनर म्हणाला, "जागरण रे, दुसरं काय!" मीही तेच मानलं आणि दोन महिने काढले. शेवटी ओरलच्या आदल्या दिवशी चक्कर येऊन कॉरिडॉरमध्येच बसलो आणि मित्रांनी उचलून दवाखान्यात नेलं. रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन कमी, आणि बी-१२ जीवनसत्त्व एका मिलिलिटरमागे फक्त ११८ पिकोग्रॅम. ते २०० च्या वर हवं, असं त्याच कागदावर छापलेलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "दूध पितोस?" म्हटलं, "चहातून." "अंडी?" "घरी शाकाहारी आहोत." "आणखी काही औषध?" मी जरा चाचरत सांगितलं, "अ‍ॅसिडिटीची गोळी. रोज सकाळी. दीड वर्ष झालं." ते माझ्याकडे बघतच राहिले.

मित्रांनो, तेव्हा जे कळलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून हा लेख.

बी-१२ आपल्याला रोज लागतं किती? साधारण सव्वादोन ते अडीच मायक्रोग्रॅम. एवढंसंच! पण ते नसेल तर रक्तातल्या तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत आणि मज्जातंतूंवरचं आवरण खराब होऊ लागतं. म्हणजे वायरचं इन्सुलेशनच निघाल्यासारखं. मुंग्या येत होत्या त्या यामुळे. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतच भरवशाने मिळतं. पालेभाज्या आणि मोड आलेली कडधान्यं कितीही चांगली असली तरी त्यांच्यावर बी-१२ साठी विसंबता येत नाही. एक ग्लास दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, एका अंड्यात त्याच्या निम्मं. कटिंग चहातल्या दोन चमचे दुधात किती असेल, याचा हिशोब तुम्हीच करा. यकृतात याचा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरू शकतो. त्यामुळे कमतरता हळूहळू येते, पटकन ध्यानात येत नाही. माझा साठा घरून निघतानाच बेताचा असणार.

आता दुसरी बाजू, पचनाची. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन ते सुटं करतात. मग जठरातच तयार होणारं 'इंट्रिन्सिक फॅक्टर' नावाचं प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं आणि तिथे ते रक्तात शोषलं जातं. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या आम्लच कमी करतात. थोडे दिवस घेतल्या तर बिघडत नाही, पण महिनोन्‌महिने चालू ठेवल्या तर अन्नातलं बी-१२ नीट सुटं होत नाही. म्हणजे ताटात कमी, आणि जे आहे तेही अंगी लागत नाही! मुळात कारण माझ्या आहारातच होतं, गोळीने भर घातली. आणि गोळी लागली कशामुळे? उपाशीपोटी चहा, नाश्त्याला दांडी आणि रात्री एक वाजता वडापाव खाऊन लगेच आडवं होणं.

इथे आपल्या मुंबईचा एक किस्सा सांगतो. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना होणारा पंडुरोग त्या अभ्यासत होत्या. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात, असं त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे आजचं फोलिक अ‍ॅसिड. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. पण गंमत अशी की, बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं, मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. म्हणून 'अशक्तपणा आहे, दे एक टॉनिक' असं मेडिकलवाल्याला सांगू नका. आधी तपासणी करा.

मला आधी इंजेक्शनं दिली, मग गोळ्या. थकवा महिन्याभरात गेला, मुंग्या जायला चार महिने लागले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असतास तर कदाचित पूर्ण गेल्याही नसत्या.

आता मी काय पाळतो ते सांगतो. यातलं काहीही महाग नाही.

१. रात्री एक ग्लास दूध, दुपारी वाटीभर दही. जे खातात त्यांनी अंडं.
२. चहा जेवणासोबत नाही, तासाभराने. चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. उलट पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळलं तर त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे लोह जास्त मिळतं. लिंबू शिजवू नका, वरून पिळा.
३. गाजर, पालेभाजी यांतून 'अ' जीवनसत्त्व शोषायला थोडं तेल-तूप लागतं. डाएट म्हणून अगदी कोरडं खाऊ नका.
४. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर. जागायचंच असेल तर वडापावऐवजी केळं किंवा दहीभात.
५. अ‍ॅसिडिटीची गोळी स्वतःच्या मनाने चालू ठेवायची नाही. डॉक्टरांनी दिली असेल तर परस्पर बंदही करायची नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईने पुन्हा विचारलं, "जेवतोस ना?" या वेळी मी तिला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त दुधाचा पेला पुढे सरकवला. तुमच्या पायांना मुंग्या येत असतील, तर जागरणाला दोष देऊन माझ्यासारखे दोन महिने घालवू नका. एवढंच सांगायचं होतं.