वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल
(परिसर अभ्यास : इयत्ता चौथी : दोन तासिका)

हेतू : घरातील नित्याच्या वस्तूंचे निरीक्षण करवून, बाजारातील किंमत आणि जीवनातील मोल यांमधील भेद विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे.

विषयाचे महत्त्व : कर्जत व खालापूर तालुक्यांतील पुष्कळ शाळांत ठाकूर आणि कातकरी समाजांची मुले येतात. पाठ्यपुस्तकातील चित्रांत ज्या वस्तू दिसतात, त्यांपैकी थोड्याच त्यांच्या घरी असतात. आणि ज्या घरी असतात, त्यांचे नाव वर्गात क्वचितच उच्चारले जाते. आपले घर म्हणजे रिकामे घर, अशी समजूत त्यामुळे मुलाच्या मनात नकळत रुजते. वर्गात मुके बसणारे मूल पुष्कळदा मंद नसते. त्याला जे ठाऊक आहे ते कोणी विचारलेले नसते, एवढेच.

पूर्वतयारी : घरातील पाच वस्तूंची चित्रे काढून आणण्यास मुलांस आदल्या दिवशी सांगावे. प्रत्यक्ष वस्तू मागवू नयेत. कोयता वर्गात आणणे धोक्याचे, आणि आईच्या गळ्यातील माळ हरवली तर तिची भरपाई शाळेस करता येणार नाही.

प्रस्तावना : ‘कवडीमोल’ व ‘फुटकी कवडी’ हे शब्द फळ्यावर लिहून त्यांचे अर्थ विचारावेत. कवडी म्हणजे समुद्रातील शंखवर्गीय प्राण्याचे कवच. भारतात मालदीव बेटांतून कवड्या येत आणि अनेक प्रांतांत त्या सुट्या नाण्यांप्रमाणे चालत. पुढे नाण्यांनी त्यांची जागा घेतली आणि भाषेत कवडी क्षुल्लकपणाची खूण होऊन राहिली. तरीही तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातील कवड्यांच्या माळेस कोणी क्षुल्लक म्हणत नाही. वस्तू एकच, मोल मात्र निराळे.

विषयप्रतिपादन : (१) दूरचे उदाहरण. न्यू गिनी बेटाच्या पश्चिमेकडील, आज इंडोनेशियात असलेल्या भागात बालियेम नावाचे डोंगराळ खोरे आहे. तेथे दानी लोक राहतात. १९३८ साली आर्चबोल्ड यांच्या मोहिमेने विमानातून हे खोरे पाहिले, तेव्हा बाहेरच्या जगास त्याची ओळख झाली. दानी लोक रताळी पिकवीत, डुकरे पाळीत आणि दगडी कुऱ्हाडी वापरीत. झाडाच्या सालीच्या तंतूंची जाळीदार पिशवी स्त्रिया कपाळावरून पाठीवर सोडीत. तीत रताळीही असत आणि तान्हे मूलही. समुद्र दूर असूनही हातोहात होणाऱ्या देवघेवीतून कवड्या तेथपर्यंत पोहोचत. कवड्यांचे पट्टे आणि घासून गुळगुळीत केलेले लांबट दगड लग्नात व अंत्यविधीत एका कुळाकडून दुसऱ्याकडे जात. त्या दगडाने काही कापावयाचे नसे; त्याने नाते जोडावयाचे असे. पुढे पोलादी कुऱ्हाडी आल्या आणि दगडी कुऱ्हाड पर्यटकांस विकावयाची वस्तू झाली.

(२) जवळचे उदाहरण. आता मुलांची चित्रे घ्यावीत. कमरेच्या आकडीत अडकविलेला कोयता : तो नसेल तर फाटी नाहीत, कूड नाही, त्या दिवसाची मजुरीही नाही. इरले : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात बसविलेली रुंद पाने, डोके व पाठ झाकली जाते आणि लावणीस दोन्ही हात मोकळे राहतात. आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. शेणाने लिंपलेली धान्याची कणगी, ओहोळात लावावयाचा मासे धरण्याचा बांबूचा सापळा, ठाकूर स्त्रियांच्या गळ्यातील मण्यांच्या पदरांवर पदर असलेल्या माळा, यांविषयीही बोलते करावे. प्रत्येक वस्तूस वाडीत जो शब्द असेल तोच फळ्यावर लिहावा. तो ‘अशुद्ध’ म्हणून पुसू नये.

कातकऱ्यांच्या नावातच एक वस्तू आहे : कात. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तो रस आटवून कात करीत. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगले वाढली, खैरतोडीवर निर्बंध आले आणि हा व्यवसाय ओसरला. पुढे कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवरील मजुरी आली. दिवाळीनंतर मुले वर्गातून दिसेनाशी होतात, त्याचे मूळ येथपर्यंत जाते.

संकलन : फळ्यावर तीन रकाने आखावेत : ‘उपयोग’, ‘श्रम’ आणि ‘नाते’. प्रत्येक वस्तू कोणत्या रकान्यात बसते हे मुलांनीच ठरवावे. एकच वस्तू तिन्ही रकान्यांत बसली, तर चर्चा होऊ द्यावी.

सावधगिरी : १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. घरांबरोबर पिढ्यांच्या वस्तूही गाडल्या गेल्या. अशा आपत्तीतून वाचलेले मूल वर्गात असल्यास ‘तुझ्या घरी काय काय आहे?’ असे विचारू नये. त्याला जे आठवते ते सांगावेसे वाटले, तर ऐकावे आणि त्याच्या परवानगीने लिहून घ्यावे. भट्टीवर निघालेल्या मुलाचे चित्र वहीत जपून ठेवावे. परत येईल तेव्हा वर्गात त्याचे काही शिल्लक असलेले त्याला दिसेल.

स्वाध्याय : (१) घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती? ती कोणी केली वा आणली, हे आजीस किंवा आजोबांस विचारून पाच वाक्ये लिहा. (२) जी विकत मिळत नाही, अशी एक वस्तू सांगा. (३) इरले आणि प्लास्टिकचा कागद यांची तुलना करा.