आज्ञावलीचा पाया बदलतो तेव्हा

संगणकाची कोणतीही मोठी आज्ञावली आज सर्वस्वी स्वयंपूर्ण नसते. अनेक कामे ती इतरांनी तयार केलेल्या संग्रहांकडून करवून घेते. अशा संग्रहास लायब्ररी म्हणतात. लायब्ररीची रचना बदलली की तिच्यावर विसंबलेली आज्ञावलीही बदलावी लागते. मुक्तस्रोत क्षेत्रातील ‘ओपन-एसएसएल’चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

बदल कोणता?

माहिती गुप्त संकेतांत रूपांतरित करणाऱ्या या लायब्ररीत २०१४ साली ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघडकीस आला. त्यानंतर तिची व्यापक दुरुस्ती हाती घेण्यात आली व ऑगस्ट २०१६ मध्ये १.१.० ही आवृत्ती निघाली. पूर्वी बाहेरील आज्ञावल्या लायब्ररीच्या अंतर्गत नोंदी थेट वाचू शकत. आता त्यांपैकी बहुतेक झाकण्यात आल्या. दप्तराच्या खुल्या कपाटास कुलूप लागावे आणि प्रत्येक कागद दप्तरदाराकडून मागून घ्यावा लागावा, तसाच हा प्रकार होय. यामुळे पुढे कपाटातील मांडणी बदलली तरी बाहेरच्यांचे काम अडत नाही. परंतु जुन्या रीतीने लिहिलेल्या अनेक आज्ञावल्या नव्या आवृत्तीसह तयारच होईनात.

मार्ग कसा निघाला?

खरी अडचण निराळीच होती. नोंदी मागण्याची नवी कार्ये जुन्या आवृत्तीत नव्हती आणि वापरकर्ते तर दोन्हींकडे होते. डेबियन ९ या प्रणालीने २०१७ साली दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवल्या. दूरच्या संगणकाशी सुरक्षित संपर्क साधणाऱ्या ‘ओपन-एसएसएच’ने नव्या कार्यांचे पर्याय एका स्वतंत्र जोड-भागात लिहिले, लायब्ररी जुनी असल्यास तेच वापरले जात. ऑक्टोबर २०१८ मधील ७.९ आवृत्तीत हे काम पूर्णत्वास गेले. आवृत्तीची तपासणी जागोजागी न विखुरता एकाच ठिकाणी ठेवल्याने मूळ लिखाण स्वच्छ राहते.

घ्यावयाची दक्षता

प्रथम बदलांची अधिकृत टिपणे वाचावीत, मग त्रुटींची यादी करून एकेक निवारावी. मागून घेतलेली स्मृतीतील जागा काम संपताच परत करावी. दोन्ही आवृत्त्यांवर चाचणी घ्यावी. सुरक्षेच्या कामात घाईने नवे दोष शिरतात. विलंबही तितकाच घातक ठरतो. जुन्या १.०.२ आवृत्तीची सर्वांसाठीची दुरुस्ती २०१९ अखेर थांबली. तोवर जे बदलले नाहीत, त्यांचा पाया दुरुस्तीविना उरला.