‘संप्रदाय’ शब्दाचा मूळ अर्थ

नाथसंप्रदाय, वारकरी संप्रदाय, श्रीसंप्रदाय हे शब्द आपण नित्य उच्चारतो. एका आचार्याला मानणाऱ्यांचा समुदाय, एवढाच अर्थ त्या वेळी बहुतेकांच्या मनात असतो. ‘सांप्रदायिक’ हे विशेषण तर हिंदी वृत्तपत्रांत दंग्याधोप्यांच्या वार्तांतच अधिक आढळते. म्हणून या शब्दाचे मूळ पाहणे अगत्याचे आहे.

‘सम्’ व ‘प्र’ हे उपसर्ग, ‘दा’ म्हणजे देणे हा धातू आणि ‘घञ्’ हा प्रत्यय यांपासून हा शब्द सिद्ध होतो. त्यातील ‘य’ हा आकारान्त धातूला होणारा ‘युक्’ आगम होय. तेव्हा संप्रदाय म्हणजे उत्तम प्रकारे, पूर्णपणे देणे. अमरकोशाने ‘आम्नाय’ आणि ‘संप्रदाय’ हे शब्द एकार्थी सांगितले आहेत. गुरुमुखाने चालत आलेला उपदेश, हा तो अर्थ.

पाणिनीने ज्याला द्यावयाचे त्या कारकाला ‘संप्रदान’ अशी संज्ञा दिली. आपण परिटाला वस्त्रे देतो ती परत घेण्यासाठी. म्हणून ते खरे संप्रदान नव्हे, असे काही वैयाकरण मानतात. विद्या दिल्याने गुरूची विद्या कमी होत नाही हे खरे. परंतु ‘ही माझीच’ हा अभिमान मात्र त्याला सोडावा लागतो.

गीतेच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी हाच विचार आहे. भगवंतांनी योग विवस्वानाला सांगितला, त्याने मनूला, मनूने इक्ष्वाकूला. पुढे दीर्घ काळाने तो लोपला आणि भगवंतांनी तोच अर्जुनाला पुन्हा सांगितला. अर्जुन भक्त आणि सखा होता, हे त्याचे कारण तेथेच दिले आहे. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीसही आदिनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंतची परंपरा श्रीज्ञानदेवांनी कृतज्ञतेने सांगितली आहे.

यावरून गृहस्थाने एवढे ध्यानी घ्यावे की, टिळा, माळ आणि नाव ही संप्रदायाची चिन्हे आहेत. संप्रदाय देण्याघेण्यात आहे. घरात गीतेचे पठण होते, पण मुलाला एका श्लोकाचाही अर्थ कोणी सांगत नाही, तेथे नाव उरले तरी संप्रदाय खुंटला. आणि दुसऱ्याच्या संप्रदायाचा द्वेष करणाऱ्याने तर देणे या अर्थाचा शब्द घेऊन तो भांडणाला लावला, असेच म्हणावे लागेल. आज सायंकाळी दिवा लागल्यावर एक श्लोक अर्थासह मुलांना सांगावा. या शब्दाचा खरा अभ्यास तोच.