प्रश्न विचारण्याचा अधिकार

लोकशाही राज्यपद्धतीत कायदे करणे एवढेच लोकप्रतिनिधींचे काम नसते. राज्यकारभार चालविणाऱ्या मंत्र्यांना जाब विचारणे, हेही त्यांचे तितकेच महत्त्वाचे कर्तव्य होय. याकरिता संसदेत प्रश्नोत्तरांची प्रथा पडली आहे. सभासद आपला प्रश्न आगाऊ लिहून देतो. मंत्री ठरलेल्या दिवशी सभागृहात उभा राहून त्याचे उत्तर देतो. त्या उत्तराने समाधान झाले नाही, तर सभासदाला पुरवणी प्रश्न विचारता येतो. लेखी उत्तर कचेरीत बसून तयार करता येते. परंतु पुरवणी प्रश्नाला तेथल्या तेथे तोंड द्यावे लागते. मंत्र्याची खरी कसोटी लागते ती याच वेळी. आपल्या लोकसभेनेही ही प्रथा स्वीकारली आहे.

आपल्या गावातील रस्त्याविषयी किंवा शाळेविषयी प्रतिनिधीने प्रश्न विचारावा, हे स्वाभाविकच आहे; तेथील लोकांनी त्याला मते दिलेली असतात. परंतु ज्यांना मत देण्याचा अधिकार नाही, जे हजारो मैल दूर परक्या सत्तेखाली राहतात, त्यांच्या वतीने प्रश्न कोणी विचारावा? ब्रिटिश साम्राज्यातील कोट्यवधी लोकांची स्थिती अशीच होती. त्यांच्यावर अंतिम हुकूमत ब्रिटिश पार्लमेंटची. पण त्या पार्लमेंटात त्यांचा प्रतिनिधी मात्र नाही. १८९२ साली दादाभाई नौरोजी लंडनमधील एका मतदारसंघातून निवडून आले आणि हिंदुस्थानची गाऱ्हाणी त्यांनी तेथे मांडली. परंतु असे भाग्य फारच थोड्या वसाहतींच्या वाट्याला आले.

पूर्व आफ्रिकेतील केनिया ही अशीच एक वसाहत होती. तेथील सुपीक डोंगराळ जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांच्या ताब्यात गेली होती. त्यामुळे किकुयू लोकांत असंतोष धुमसत होता. त्यातूनच 'माऊ माऊ' या नावाने ओळखला जाणारा उठाव झाला. १९५२ च्या ऑक्टोबरात सरकारने आणीबाणी पुकारली आणि हजारो लोकांना खटल्यावाचून छावण्यांत डांबले. ताना नदीच्या काठी होला येथे अशीच एक छावणी होती. जे कैदी काम करण्यास नकार देतील, त्यांच्याकडून ते बळजबरीने करून घ्यावे, अशी योजना अधिकाऱ्यांनी आखली. ३ मार्च १९५९ रोजी तिची अंमलबजावणी झाली. पहारेकऱ्यांनी केलेल्या मारहाणीत अकरा कैदी मृत्युमुखी पडले.

सरकारी पत्रकात मात्र निराळीच हकिकत प्रसिद्ध झाली. गाडीतील पाणी प्यायल्यानंतर हे कैदी मरण पावले, असे त्यात म्हटले होते. पुढे न्यायाधिकाऱ्यापुढे चौकशी झाली, तेव्हा हे मृत्यू माराच्या आघाताने आणि रक्तस्रावाने झाले, हे उघडकीस आले. मग इतके दिवस खोटी हकिकत का सांगितली गेली? योजनेला संमती कोणी दिली? दोष केवळ छावणीवरील अधिकाऱ्यांचा, की त्यांच्या वरिष्ठांचाही? असे प्रश्न पुढे आले. बार्बरा कॅसल आणि मजूर पक्षाचे इतर सभासद वसाहतमंत्री ॲलन लेनक्स-बॉइड यांच्या मागे लागले. १६ जून रोजी कॉमन्स सभेत या विषयावर चर्चा झाली. परंतु सरकार आपल्या बहुमताच्या बळावर निभावून गेले.

तथापि प्रश्न मिटला नाही. २७ जुलै रोजी पुन्हा चर्चा सुरू झाली व ती उत्तररात्रीपर्यंत चालली. मध्यरात्र उलटून गेल्यावर सरकारच्याच, म्हणजे हुजूर पक्षाचे एक सभासद, इनॉक पॉवेल, बोलावयास उभे राहिले. आपल्या पक्षाच्या मंत्र्यांना ते सांभाळून घेतील, अशी कोणाची अपेक्षा असल्यास ती फोल ठरली. मेलेल्या माणसांची योग्यता ठरवून त्यांच्या मृत्यूचे मोल कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे त्यांनी बजावले. मायदेशी न्यायाचा एक दंडक आणि आफ्रिकेत दुसरा, असे चालणार नाही. जबाबदारी वरिष्ठांनीच पत्करली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील काळात, विशेषतः १९६८ सालापासून, परदेशांतून आलेल्या रहिवाशांविषयी पॉवेल यांनी मांडलेल्या मतांवर कठोर टीका झाली आणि ती योग्यच होती. परंतु त्या रात्री त्यांनी पक्षापेक्षा न्याय थोर मानला, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले.

या चर्चेने काय साधले? त्या रात्री एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही. ऑक्टोबरातील निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा निवडून आला. वरवर पाहणाऱ्यास हा सारा खटाटोप व्यर्थ वाटेल. परंतु शब्दांचे फळ नेहमीच लगेच हाती येते असे नाही. निवडणुकीनंतर वसाहतमंत्री बदलले. नवे मंत्री इयन मॅक्लाउड यांनी वसाहतींना स्वातंत्र्य देण्याची गती वाढविली. १९६० च्या जानेवारीत केनियातील आणीबाणी उठली आणि १२ डिसेंबर १९६३ रोजी तो देश स्वतंत्र झाला.

अत्याचार सोसलेल्यांना न्याय मिळण्यास मात्र आणखी अर्धशतक लोटावे लागले. वृद्ध झालेल्या केनियन लोकांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली. अखेर ६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी त्याच कॉमन्स सभेत निवेदन केले. आणीबाणीच्या काळात केनियन लोकांचा छळ झाला, हे त्यांनी मान्य केले; सरकारच्या वतीने खेद व्यक्त केला आणि ५,२२८ दावेदारांसाठी १ कोटी ९९ लक्ष पौंडांची तडजोड जाहीर केली.

प्रश्न विचारल्याने गेलेले प्राण परत येत नाहीत, हे खरे. परंतु तो विचारला गेला नसता, तर पाण्याच्या गाडीची ती हकिकतच कदाचित इतिहासात खरी म्हणून नोंदली गेली असती. सत्तेला उत्तर देण्यास भाग पाडणारा प्रश्न, हा लोकशाहीचा जागता पहारा होय. आपल्याला मत न देणाऱ्या, दूरच्या व दुबळ्या माणसासाठी जो प्रतिनिधी तो विचारतो, तोच आपल्या पदाचे खरे सार्थक करतो.

स्वाध्याय

१. पुरवणी प्रश्नाच्या वेळी मंत्र्याची खरी कसोटी का लागते?
२. होला येथील मृत्यूंविषयीची सरकारी हकिकत व चौकशीत उघड झालेले सत्य यांतील फरक सांगा.
३. 'शब्दांचे फळ नेहमीच लगेच हाती येते असे नाही.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : जाब विचारणे, तोंड देणे, फोल ठरणे, दाद मागणे.