आधी नेम, मग वेळ, मग वेग

कोल्हापूर

चि. सोनूस,



रेडिएशन संपल्याचं ताईने कळवलं आणि पाठोपाठ तुझा मेसेज आला : "मावशी, सगळी ट्रीटमेंट झाली, मग मला अजून एक जिना का चढवत नाही?" फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण हे तुला पुन्हा पुन्हा काढून वाचावं लागेल, म्हणून पत्र लिहिते आहे. माझी सगळी नोकरी फिजिओथेरपी विभागात गेली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन या तिन्हींतून बाहेर पडलेल्या बायका हाच प्रश्न घेऊन समोर बसायच्या. बहुतेकींच्या मनात धास्ती एकच असायची, की आता आपण अशाच राहणार. तुझ्याही मनात ती आहे, हे मला त्या एका ओळीवरून कळलं.

अशीच राहणार नाहीस. पण वाट नीट समजून घे.

तुझा थकवा आळस नव्हे आणि मनाचा खेळही नव्हे. एरवीचा थकवा रात्रभर झोपलं की उतरतो; केमोनंतरचा उतरत नाही, उलट दिवसभर पडून राहिलं की संध्याकाळी अंग जास्तच जड होतं. त्यामागे बरंच काही एकत्र आलेलं असतं. हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. प्रत्येक सायकलसोबत दिलेल्या स्टिरॉइडमुळे आणि कित्येक महिने बसून काढल्यामुळे मांड्यांचे स्नायू झडलेले असतात. तुझी पाळी केमोने एकाएकी थांबली, त्यामुळे रात्री अंगातून वाफा निघून झोपमोड होते. म्हणून चालायला लागण्याआधी पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व बघून घे. तुला जे लाल रंगाचं औषध दिलं होतं, डॉक्सोरुबिसिन, त्याचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो. तेव्हा शेवटचा टू-डी इको कधी झाला आणि नव्याने करायला हवा का, हेही विचार. त्यांनी "चाला" म्हटलं की मग मनात किंतू ठेवू नकोस.

आता घरातल्या मायेबद्दल. तुझ्या सासूबाई तुला उठू देत नाहीत, पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात, आणि ताई पुण्याला आली की तीही "पड जरा, पड जरा" करते. त्यांनी तुझे वाईट दिवस डोळ्यांनी पाहिले आहेत, म्हणून त्यांचा जीव तुटतो. पण पडून राहण्याने शरीराचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला एक प्रयोग झाला. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. आजार काही नाही, फक्त झोपून राहायचं. एवढ्याने त्यांची दमश्वासाची ताकद पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं होतं, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने जास्त नेलं होतं असं दिसलं. मग पन्नाशी गाठलेल्या त्याच पाच जणांना चालणं, हळू पळणं, सायकल असा सहा महिन्यांचा हलका, वाढत जाणारा व्यायाम दिला, आणि तीस वर्षांत वयाने नेलेली ताकद परत आली. सासूबाईंना हे जवळ बसून, हात हातात घेऊन सांग. वाद घालू नकोस. आणि त्यांनाच बरोबर चालायला ने. त्यांच्या गुडघ्यांनाही बरं वाटेल, आणि तुझ्या मंद चालीला त्यांच्याइतकी योग्य सोबत दुसरी मिळायची नाही. जावईबापूंची चाल सध्या तुझ्यासाठी फार झपाट्याची आहे.

मी शिकवलेला क्रम असा : आधी नेम, मग वेळ, मग वेग, आणि चढ सगळ्यात शेवटी. पहिले काही दिवस फक्त नेम बसवायचा. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं, सोसायटीच्या आवारात सपाटीवर, जिथे मध्ये टेकायला बाक किंवा कट्टा आहे अशा ठिकाणी. तेही जास्त वाटलं तर घरातल्या घरात हॉलपासून बाल्कनीपर्यंत. पाच मिनिटांनी काय होणार असं तुला वाटेल, कारण तू ऑफिसला जाण्याआधी वेताळ टेकडी चढून येणारी मुलगी आहेस. तिला सध्या बाजूला बसव. नेम बसला की दर दोन-तीन दिवसांनी एखादं मिनिट वाढव. वीस-पंचवीस मिनिटं सलग आणि विनासायास व्हायला लागली की मग वेगाचं बघू. वेग बरोबर आहे की नाही, हे ओळखायला यंत्र लागत नाही : चालता चालता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलतानाच धाप लागली तर वेग कमी कर.

दम लागला तर थांबायला लाजू नकोस. वारीतल्या पालखीलाही ठरलेले विसावे असतात. आळंदीहून निघालेला वारकरी पंढरपूरचं अंतर पहिल्याच दिवशी पायाखाली घालायला बघत नाही.

या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगते. आजचं चालणं आज मोजायचं नाही, उद्या सकाळी मोजायचं. चालून आल्यावर छान, मोकळं वाटतं, आणि त्या भरात माणूस दुप्पट चालून बसतो. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, मग तो दिवस आणि पुढचेही एक-दोन दिवस वाया जातात. शेवटी मनाची खात्री पटते की चालणं आपल्याला मानवत नाही. माझ्या पाहण्यातल्या जिद्दी बायका इथेच फसायच्या. भित्र्या बायका सावकाश का होईना पुढे जायच्या. आणि तू जिद्दी आहेस. म्हणून सकाळी डोळे उघडले की चहाच्या आधी स्वतःला विचार : काल सकाळपेक्षा आज कसं आहे? तसंच किंवा बरं असेल तर कालइतकं चाल, किंवा एखादं मिनिट जास्त. अंग मोडून आलं असेल तर निम्मं चाल. पण शून्य करू नकोस. निम्म्यावरून परत वर येणं सोपं असतं, शून्यावरून फार जड जातं. कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत मिनिटं लिहून ठेव. शेजारी सकाळचा शेरा एका शब्दात लिही, बरं की जड. दोन महिन्यांनी मागची पानं उलटशील तेव्हा तुला दिसेल की मधूनमधून पडझड झाली, तरी आकडा वरच गेला आहे. रोजच्या रोज हे दिसत नाही, म्हणूनच लिहायचं.

पायांकडे विशेष लक्ष दे. पॅक्लिटॅक्सेलने तळव्यांना मुंग्या येतात आणि बधिरपणा राहतो, असं तू सांगितलं होतंस. तो बहुधा हळूहळू ओसरतो, पण महिने लागतात, आणि तोवर पाय नेमका कुठे टेकला हे मेंदूला उशिरा कळतं. म्हणून चपला नकोत. मागून बंद, पुढे बोटांना जागा असलेले, लेस घट्ट बांधायचे बूट हवेत. अंधारात चालू नकोस, आणि पुण्याच्या उखडलेल्या फुटपाथवर तर नकोच. संध्याकाळी बूट काढले की तळवे उजेडात बघ. खडा टोचून फोड आला तरी तुला कळणार नाही. घरी दिवसातून दोन-तीनदा खुर्चीतून हातांचा आधार न घेता हळू उठायचं आणि हळू बसायचं, असं जमेल तितक्या वेळा कर. जिना चढवत नाही त्याचं मुख्य कारण मांड्या आहेत, आणि त्यांच्यासाठी यापेक्षा सोपा व्यायाम मला माहीत नाही. उपाशीपोटी निघू नकोस. एखादं केळं किंवा दोन खजूर खा, परतल्यावर अंडं, डाळ, उसळ, ताक. नुसत्या शिऱ्याने स्नायू भरत नाहीत, हेही सासूबाईंना गोडीने सांग.

काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात चालताना नुसता लोंबता ठेवू नकोस. कोपरातून थोडा वाकवून हलता राहू दे, अधूनमधून मूठ वळ आणि सोड. त्या खांद्याला पर्स नको. हाताला जडपणा किंवा सूज वाटली, अंगठी घट्ट झाली, तर लगेच दाखव. मात्र त्या हाताने जन्मभर काहीच उचलायचं नाही, हा जुना सल्ला आता मानत नाहीत. २००९ साली हाताला सूज असलेल्या १४१ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या बायकांना देखरेखीखाली अगदी हलक्या वजनापासून हळूहळू वाढवत व्यायाम दिला. त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज एकदम बळावण्याचे प्रसंग कमी झाले. वजनाचा व्यायाम पुढे करू, पुण्यातल्या फिजिओथेरपिस्टच्या समोर. आत्ता चालणं पुरे.

तुझ्या भावाने मनगटी घड्याळ पाठवलं आहे आणि ते तुला रोज दहा हजार पावलांचा हिशेब मागतं, असं कळलं. तो आकडा आधी बदल. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. हा आकडा तिथून पसरला. कुठल्या रुग्णालयातून तो आलेला नाही. पुढे २०१९ साली वयस्कर बायकांचा मोठा अभ्यास आला, त्यात साडेचार हजार पावलांच्या आसपासच फायदा स्पष्ट दिसत होता आणि साडेसात हजारांपुढे तो वाढत नव्हता. तुझं आजचं उद्दिष्ट म्हणजे तुझा कालचा आकडा.

डोक्याला रुमाल बांधून खाली उतरायचं तुला नको वाटतं, हे ताईने मला सांगितलं. ही गोष्ट मला पायांच्या मुंग्यांपेक्षा मोठी वाटते. लोक बघतील, काही जवळ येऊन विचारतील, एखादी बाई आपल्या ओळखीतल्या कुणाचं काय झालं ते तिथेच उभ्या उभ्या सांगायला लागेल. एक वाक्य तयार ठेव : "उपचार पूर्ण झालेत, आता चालायचं सांगितलंय," आणि पाय हलते ठेव. चालणाऱ्या माणसाला फार वेळ अडवता येत नाही. तरीही जड वाटलं तर सकाळी लवकर, उजाडल्यावर, वर्दळ सुरू होण्याआधी उतर. रेडिएशनच्या जागी ऊन लागू नये, यासाठीही तीच वेळ बरी. आठ-दहा दिवसांत सोसायटीला तुझी सवय होईल. आणि एखाद्या दिवशी रडू आलं तर येऊ दे, रडून झालं की पाच मिनिटं चाल. मन सतत खालावलेलं राहिलं तर मात्र डॉक्टरांशी बोल. त्यावरही इलाज आहे आणि तो घेण्यात कमीपणा नाही.

तू विचारलं नाहीस, पण मनात असणार, म्हणून लिहिते : चालण्याने आजार परत येणं थांबतं का? २०२५ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ जणांपैकी निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शक देऊन व्यायाम करवला. बरेच जण भरभर चालतच होते. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले सुमारे ९० टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले सुमारे ८३ टक्के. मला या निकालाने फार आनंद झाला. पण तो आतड्याच्या कर्करोगाचा निकाल आहे, तुझ्या आजारावर जसाच्या तसा चिकटवू नकोस. टॅमॉक्सिफेनची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, तिची जागा चालणं घेत नाही. आणि उद्या रिपोर्टमध्ये काही निघालंच, तर "मी कमी चालले म्हणून" असं कधीही म्हणायचं नाही. हे मी तुला बजावून सांगते आहे. तू चालायचंस ते जिना चढता यावा, लेकीच्या शाळेत जाता यावं, रात्री झोप लागावी म्हणून. एवढं चालण्याने नक्की मिळतं.

कधी थांबायचं, तेही पाठ कर. छातीत दुखलं, धडधड थांबेना, चक्कर आली, बसल्या जागी धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर चोळत बसू नकोस, लगेच जा. टॅमॉक्सिफेनवर असताना पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. ताप १००.४ च्या वर गेला की चालणं बंद आणि फोन. पाठीत किंवा कमरेत नवं दुखणं सुरू झालं आणि रात्रीही राहिलं, तर चालण्याने आखडलं असेल म्हणून सोडून देऊ नकोस.

टेकडीची घाई नको. सपाटीवर अर्धा तास आरामात झाला आणि दोन मजले न थांबता चढता आले, की पर्वतीच्या पायऱ्यांपासून सुरुवात करू. मी पुण्याला येईन तेव्हा बरोबर जाऊ. उतरताना मांड्यांवर जास्त ताण येतो, म्हणून पहिल्या खेपेला अर्ध्यातूनच परतायचं, हे आत्ताच ठरवून ठेव.

पत्र मिळालं की त्याच संध्याकाळी सासूबाईंना घेऊन खाली उतर. पाचच मिनिटं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कसं वाटलं, ते मला फोन करून सांग.

तुझी,
मावशी