वॉचमन, लिफ्ट आणि ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ : इमारत सांभाळायला खरा खर्च किती?

नगरला सावेडीत, पाइपलाइन रोडला किंवा केडगावात नवी सोसायटी उभी राहिली की बिल्डरचा पाय निघायच्या आत एजन्सींची कोटेशनं येऊन पडतात. वॉचमन, झाडलोट, लिफ्ट, जनरेटर, पंप, बाग, सगळं एकाच माणसाकडे सोपवा आणि निवांत राहा, असा एकूण सूर. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ‘आंतरराष्ट्रीय दर्जाची सेवा’ किंवा ‘आयएसओ 41001’ असं ठसठशीत छापलेलं असेल, तर कमिटीतले निम्मे सदस्य तिथेच भारावतात आणि उरलेले निम्मे ‘याचेच पैसे लावले असणार’ म्हणून बिथरतात. दोघांनीही आधी हा शिक्का काय आहे ते पाहावं. त्याचा खर्च कुणी करावा, हे त्यावरूनच ठरतं.

इमारतींची देखभाल हा स्वतंत्र व्यवसाय आहे, असं मानणाऱ्यांची ‘इफ्मा’ ही संघटना 1980 साली अमेरिकेत निघाली. तिचं मुख्यालय ह्यूस्टनला आहे. ब्रिटनमधली संघटना 1993 ची. 2018 पासून ती आयडब्ल्यूएफएम या नावाने ओळखली जाते. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या अशा संघटनांनी 2006 मध्ये ‘ग्लोबल एफएम’ ही आपली सामाईक आघाडी उभी केली. कंपन्या देशोदेशी पसरल्या, तेव्हा ‘ऑफिस साफ ठेवणे’ म्हणजे नेमकं काय, याचा एका देशातला अर्थ दुसऱ्या देशात चालेना. म्हणून निरनिराळ्या देशांतली तज्ज्ञ मंडळी आयएसओच्या समितीत एकत्र बसली. 2017 मध्ये या कामाची परिभाषा ठरली (आयएसओ 41011), कामं बाहेर देण्याची आणि करार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं आली (आयएसओ 41012) आणि 2018 मध्ये व्यवस्थापन पद्धतीचं मानक आलं, तेच हे 41001. आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत मालमत्ता आणि सुविधा व्यवस्थापनाचा स्वतंत्र बारावा भाग आहे.

आता पैशाचं. आयएसओ स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते देतात प्रमाणन संस्था, आणि त्या संस्थांना मान्यता देणारी भारतातली यंत्रणा म्हणजे ‘एनएबीसीबी’. प्रमाणपत्राचं चक्र तीन वर्षांचं असतं: सुरुवातीला दोन टप्प्यांत तपासणी, नंतर दरवर्षी देखरेखीची तपासणी आणि तिसऱ्या वर्षाअखेर पुन्हा सगळं नव्याने. फी मुख्यत: तपासनीस किती दिवस लागतो त्यावर ठरते. त्यात प्रवास, मुक्काम आणि जीएसटी मिळवा. सल्लागार नेमला तर त्याचं वेगळं. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीने किंवा वीस खाटांच्या दवाखान्याने या खर्चात अजिबात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिर्डीतलं मोठं हॉटेल किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना असेल आणि त्याचे परदेशी ग्राहक तशी अट घालत असतील, तर गोष्ट वेगळी.

एजन्सीकडे प्रमाणपत्र असेल तर त्यावर तीन गोष्टी बघा: मान्यता कुणाची, मुदत कधी संपते आणि कुठल्या पत्त्यावरच्या कोणत्या कामाला ते दिलंय. पुण्याच्या हेड ऑफिसला मिळालेलं प्रमाणपत्र तुमच्या गेटवरच्या माणसाबद्दल फारसं काही सांगत नाही.

एक वॉचमन : हिशेब मांडून बघू

खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा माणसांचा असतो आणि सगळ्यात जास्त बनवाबनवीही तिथेच चालते. म्हणून इथे जरा थांबू. राज्यात किमान वेतन उद्योगानुसार आणि परिमंडळानुसार ठरतं, आणि त्यावरचा विशेष भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. तुम्हाला लागू असलेला दर कामगार आयुक्तांच्या ताज्या परिपत्रकात बघा. इथे फक्त हिशेबासाठी मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून महिना 14,000 रुपये धरू.

त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, प्रशासन आणि विम्यासकट 13 टक्के : 1,820. ईएसआयचे 3.25 टक्के : 455. किमान बोनस 8.33 टक्के : 1,166. झाले 17,441. वॉचमनला आठवड्याची सुट्टी असते, पण गेटला नसते. त्या दिवशीच्या बदली माणसासाठी एक षष्ठांश धरा : 2,907. आता बेरीज 20,348. एजन्सीचा सेवा आकार 8 टक्के धरला तर 1,628. त्यावर 18 टक्के जीएसटी : 3,956. एकूण सुमारे 25,930 रुपये. हे एका वेळी एक माणूस, दिवसाला आठ तास, महिनाभर, एवढ्याचेच. ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, गणवेश आणि एजन्सीला लागू असेल तर घरभाडे भत्ता हे यात धरलेलं नाही.

वॉचमनच्या हातात काय पडतं? 14,000 मधून 12 टक्के पीएफ, 0.75 टक्के ईएसआय आणि 200 रुपये व्यवसाय कर वजा जाऊन 12,015. ‘आम्ही पंचवीस हजार मोजतो आणि त्याला बारा मिळतात, म्हणजे एजन्सीवाला निम्मे खातो’ हा प्रत्येक वार्षिक सभेत ऐकू येणारा हिशेब त्यामुळे खरा ठरत नाही. यातले जवळजवळ चार हजार सरकारजमा होतात, आणि बाकीचा बराच भाग त्याच्याच पीएफ खात्यात, बोनसमध्ये आणि बदली माणसाच्या खिशात जातो.

उलटा हिशेबही करून बघा. कुणी ‘जीएसटीसकट 15,000’ म्हणाला, तर जीएसटीआधीची रक्कम उरते 12,712. आपण धरलेला पगारसुद्धा त्यात बसत नाही. अशा कोटेशनमध्ये पीएफ भरला जात नसतो, किंवा बारा तासांची पाळी आठ तासांच्या पगारात करून घेतली जाते, किंवा दोन्ही. ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो, हे बारा तासांची पाळी लावणाऱ्या कमिटीच्या सहसा गावीही नसतं. उद्या तो माणूस गेटवरच जखमी झाला आणि त्याचा ईएसआय भरलेलाच नसला, तर चौकशीचं बोट एजन्सीबरोबर तुमच्याकडेही वळतं. म्हणून दर महिन्याचं बिल मंजूर करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआयचं चलन मागा, आणि त्यातल्या यादीत तुमच्या माणसांची नावं आहेत का ते स्वतः वाचा. दोन्हीची भरणा तारीख पुढच्या महिन्याची 15 असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, त्यामुळे मूळ वेतन कमी दाखवून पीएफ वाचवण्याची जुनी युक्तीही आता चालायची नाही.

तीन पाळ्यांत चोवीस तास माणूस हवा तर वरच्या दराने महिना 77,790. चाळीस फ्लॅटमध्ये वाटला तर प्रत्येकी 1,945, आणि तो फक्त गेटचा. नगरच्या मध्यम सोसायटीला हे झेपणारं नाही, हे मान्यच करावं. पण त्यावर उपाय म्हणून कागदावर तीन माणसं दाखवून एकालाच राबवू नये. रात्रीची एकच पाळी नीट, कायदेशीर पगारावर घ्या. ती प्रत्येक फ्लॅटला सुमारे 648 रुपयांत बसते. दिवसा कॅमेरे आणि कुलूप यांवर भागवा. सोसायटीने माणूस थेट नेमला तर सेवा आकार आणि जीएसटी दोन्ही वाचतात, पण रजा, आजारपण आणि बदली माणूस शोधण्याची कटकट सचिवाच्या गळ्यात येते. एजन्सी घेतलीच, तर तिचा खासगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्याखालचा परवाना बघा. त्या कायद्याच्या नमुना नियमांत नव्या रक्षकाला 160 तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे.

फुकट मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा

जगभरच्या संघटनांनी इतकी वर्षं चर्चा करून जे ठरवलं, त्यातली आपल्या कामाची गोष्ट एका कागदावर मावते आणि तिला फी लागत नाही. करारात ‘उत्तम स्वच्छता ठेवावी’ असं लिहू नका. जिना रोज पुसायचा की दिवसाआड, कचरा किती वाजेपर्यंत उचलायचा, पंप बंद पडला तर किती वेळात माणूस यायचा, झालं की नाही हे कुणी तपासायचं आणि नाही झालं तर बिलातून किती कापायचं, हे लिहा. मजुरी, साहित्य, यंत्रं आणि सेवा आकार यांचे चार वेगळे रकाने करून दर मागा. एकाच गठ्ठ्यात दिलेला ‘प्रति चौरस फूट’ दर लगेच मान्य करू नका; फिनेल संपलं की मजुरीत काटछाट होते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. विशेष भत्ता वाढला तर तेवढीच आणि तेव्हाच दरवाढ मिळेल, हे कलम घातलं की ‘पेट्रोल महागलं’ म्हणून होणारी वाढही टळते.

लिफ्टच्या करारात साधा आणि सर्वसमावेशक असे दोन प्रकार असतात. साध्या प्रकारात फक्त फेरी, तेलपाणी आणि किरकोळ दुरुस्ती येते; भागांचे पैसे वेगळे. सर्वसमावेशक प्रकार महाग असतो आणि तरीही त्यात दोर, मोटर किंवा कंट्रोल पॅनेल वगळलेलं असू शकतं. म्हणून काय वगळलंय ती यादी आधी वाचा आणि मग दर बघा. परवाना आणि तपासणी विद्युत निरीक्षकांकडे असते. महाराष्ट्रात त्यासाठी 2017 चा कायदा आहे. विम्याचा हप्ता वेगळा धरा.

आगीच्या बाबतीत काटकसर करू नका. 6 नोव्हेंबर 2021 ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा अर्भकं गेली होती. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे ज्या इमारतींना अग्निसुरक्षा यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी ती सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचं असतं. ही फी एजन्सीची असते, सरकारची नव्हे. म्हणजे घासाघीस करता येते, पण ती कागदावर करू नका. पंप समोर चालवून दाखवा, होजमधून पाणी काढून दाखवा, अलार्म वाजवून दाखवा, आणि मगच सही. एजन्सीच्या परवान्याची मुदतही त्याच वेळी बघून घ्या. दवाखान्यांनी याशिवाय जैववैद्यकीय कचऱ्याचं खाटेमागचं शुल्क धरायचं.

ज्या भागात भुयारी गटार पोचलेलं नाही, तिथे सेप्टिक टँक असतो. तो उपसायला यंत्राची गाडीच बोलवा. माणूस आत उतरवणं 2013 च्या कायद्याने बंद आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाखांवर नेली. गाडीचं भाडं महाग वाटलं की हा आकडा सभेत वाचून दाखवा.

महिन्याच्या मेंटेनन्सबाहेर दोन निधी लागतात आणि सगळ्यात आधी तेच टाळले जातात. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. जमिनीची किंमत वगळून फ्लॅटचा बांधकामखर्च 20 लाख असेल, तर वर्षाला 15,000 आणि 5,000, म्हणजे महिन्याला साधारण 1,667. इमारतीला 15 वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांनंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण; त्याचा खर्च याच निधीतून निघतो. प्रत्येक सदस्याची वर्गणी महिना 7,500 च्या वर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर, असं दोन्ही झालं तरच वर्गणीवर जीएसटी लागतो. नगरमध्ये हे क्वचित होईल. बचतीची एक जागा मात्र जरूर बघा: सामाईक वीजवापरासाठी छतावर सौर पॅनेल बसवल्यास पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे.

आणि आपल्याच पोराला या धंद्यात घालायचं तर? इफ्माचा ‘एफएमपी’ हा चार विषयांचा अभ्यासक्रम आहे. ‘सीएफएम’ ही त्याहून वरची पदवी परीक्षेने आणि अनुभवावर मिळते आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण मागते. फी डॉलरमध्ये असते, सदस्यांना सवलत असते; त्यामुळे आधी सदस्यत्व घेणं परवडतं का तो हिशेब करा आणि बँकेचा परकीय चलन आकारही मोजा. पण बारावी झालेल्या मुलाने इथून सुरुवात करू नये. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा एसी मेकॅनिक, मग तीन-चार वर्षं प्रत्यक्ष काम आणि मग एफएमपी, अशा क्रमाने गेलात तर आधीच्या पगारातूनच पुढची फी निघते. नगर हे लष्कराचं गाव. निवृत्तीला आलेले बरेच जण सुपरवायझरच्या कामाकडे वळतात. पुनर्वसन महासंचालनालयाच्या अभ्यासक्रमांत सुविधा व्यवस्थापनही आहे. जवान आणि जेसीओंना त्याची फी भरावी लागत नाही, अधिकाऱ्यांना 40 टक्के भरावी लागते. अर्ज मात्र शक्यतो नोकरीत असतानाच करावा.